दुसरं शेपूट

माझ्या मामाला सगळा बाजार ब्रह्मदेव म्हणायचा. बाजार हे चेष्टेने म्हणायचा आणि मामा ते कौतुक समजून घ्यायचा, त्यामुळे दोन्ही बाजू खूश होत्या. शाळा-कॉलेजांना लागणाऱ्या प्रतिकृती बनवायचा त्याचा कारखाना होता. प्लास्टरची हृदयं, मूत्रपिंडं, उघडझाप करणारा डोळा, दात काढून पुन्हा बसवता येणारा जबडा. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. दारात एक सांगाडा उभा असायचा आणि मामी त्याच्या हातात आपली पिशवी अडकवायची. फळीवर यकृतं वाळत असायची, खिडकीत फुफ्फुसं, आणि स्वयंपाकघरात जायचं तर मेंदूंची टोपली ओलांडावी लागायची. "या घरात मेंदूंना तोटा नाही," मामी म्हणायची, "वापरात मात्र एकही नाही."

मी त्या घरात आले ती बहिणीची मुलगी म्हणून. आई गेली, वडिलांनी नवा संसार मांडला, त्या संसारात माझ्या मापाची जागा उरली नाही. मामाने मला आणलं आणि हातात रंगाचा कुंचला दिला. धमन्या लाल, शिरा निळ्या, बाकी सगळं गुलाबी, एवढंच शिक्षण त्याने मला स्वतः दिलं. मामीने माझ्या बोलण्यावरून लवकरच माझं नाव ‘वाकडी’ ठेवलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती म्हणायची, आणि जेवायला मात्र मला आधी वाढायची.

मामाची स्वतःची मुलगी माझ्याहून लहान. चालायला लागल्यापासून ती बापाच्या मागे मागे असायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. मामा तार आणायला निघाला की शेपूट मागे, आणि शेपटाच्या मागे मी. वाटेत कोणी विचारायचं, "मुलं किती तुम्हाला?" मामा मिशीला पीळ देऊन उत्तर द्यायचा, "एकच. एका डोक्याला एकच शेपूट!" मग त्याची नजर माझ्यावर पडायची आणि तो जोडायचा, "आणि ही भाची." यात खोटं काही नव्हतं. भाचीच होते मी.

त्या मिशीबद्दल सांगायला हवं, कारण घरातली सगळ्यात मोठी इस्टेट तीच होती. मामाचं डोकं तुळतुळीत आणि गोल. त्या गोलाखाली मिशीची दोन टोकं हनुवटी ओलांडून खाली लोंबायची. डावी बाजू सरळ. उजवी मधेच वाकलेली, कारण विचार करताना तो ती बोटाला गुंडाळत बसायचा. विचार तसा क्वचितच करायचा, तरी वाकलीच.

एकदा एक म्हातारे प्राध्यापक पेशीपटलाची प्रतिकृती करून द्या म्हणत आले आणि मामाने हो म्हणून टाकलं. पेशीपटल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण एवढ्याशा कारणासाठी काम नाकारणाऱ्यांतला तो नव्हता. प्राध्यापकांनी चित्र काढून समजावलं. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असतं, आणि ते मुख्यतः चरबीच्या कणांचं बनलेलं असतं. एकेका कणाला एक डोकं आणि दोन शेपटं. डोक्याला पाणी आवडतं, आणि शेपटं पाण्यालाच पाण्यात पाहतात. आता पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. म्हणून हे कण दोन थरांत उभे राहतात, दोन्हीकडची डोकी पाण्याच्या बाजूला, शेपटं मधल्या आडोशाला. त्यांना कोणी रचत नाही. आपोआप रचले जातात.

"आपोआप?" मामाने विचारलं. कोणीतरी आपली मजुरी बुडवतंय असा त्याचा चेहरा झाला.

प्राध्यापक गेल्यावर त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मामीला हाक मारली. "अगं, म्हाताऱ्याची नजर गेली. एका डोक्याला दोन शेपटं काढलीत! मी गाय केली, माकड केलं, बेडकाची पोरं केली. दोन शेपटं कुठे असतात का? एका डोक्याला दोन शेपटं खरी ठरली ना, तर ही मिशी उतरवीन."

"उतरवाच," मामी म्हणाली, "आमटीत बुडते." पण मामाने ऐकलं नाही.

मग त्याने लाकडी मणी आणले. ते लाल रंगवले, म्हणजे मी रंगवले. प्रत्येक मण्यात पिवळी तार खोचली, एकेकच. मणी दोऱ्याने एकमेकांना बांधून त्यांची चादर केली, तशीच दुसरी केली, आणि तारा आत येतील अशा दोन्ही समोरासमोर ठेवल्या. ठेवल्याबरोबर त्या दुमडल्या. मणी जाडजूड आणि तारा किडकिडीत, त्यामुळे शेपटांच्या बाजूला नुसती पोकळी. चादर हातात घेतली की मुठीसारखी मिटायची, वर डोकी, आत शेपटं, चांगला चेंडू व्हायचा. दुसऱ्या एखाद्याला वाटलं असतं की आपलं काहीतरी चुकतंय. मामाला वाटलं की निसर्गाचं चुकतंय. त्याने दोन थरांच्या मधे पातळ प्लायवूडची पट्टी घातली, तिला भोकं पाडून तारा त्यात अडकवल्या, आणि पट्टीला राखाडी रंग मारायला मला सांगितलं. पटल ताठ उभं राहिलं.

तोवर ते म्हातारे प्राध्यापक निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी खोका उघडलाही नाही, पोचल्याची सही तेवढी दिली. मॉडेल कॉलेजच्या कपाटात बसलं. पुढे शाळांचं नवं पुस्तक निघालं, तेव्हा चित्रकाराला पेशीपटल कुठे पाहायला मिळणार? त्याने कपाटातलं मॉडेल समोर ठेवून हुबेहूब चित्र काढलं. एक डोकं, एक शेपूट, मधे राखाडी पट्टी. पट्टीला नाव नव्हतं म्हणून संपादकांनी दिलं, ‘मध्यस्तर’. नाव आलं की मागोमाग कार्य आलंच. ‘कार्य: पटलास आधार देणे.’ कार्य आलं की प्रश्न आला, आणि ‘मध्यस्तराचे कार्य लिहा’ हा प्रश्न परीक्षेत इतक्या वेळा येऊ लागला की मुलं तेवढं पाठ करून बाकीचा धडा सोडून देऊ लागली. चित्र आलं पुस्तकात म्हणून मग सगळ्या शाळांनी मॉडेल मागवलं ते मामाकडून, पुस्तकाबरहुकूम. मामाने ते पान उघडं करून पुस्तक कारखान्याच्या काचेत मांडलं. आधी कळस मग पाया, म्हणतात ते याला.

आम्ही दोघी तेच पुस्तक शिकलो. शेपूट हुशार होती, ती पुढे जीवशास्त्रच शिकली, आणि कॉलेजातही तेच चित्र होतं, फक्त कागद गुळगुळीत होता. मग एका संशोधन संस्थेतून तिला मुलाखतीला बोलावणं आलं. संस्थेचं काम नेमकं पेशीपटलातल्या चरबीवर. मामा बाजारभर सांगत फिरला, "ते लोक जे शोधतायत ना, ते आमच्या पुढच्या खोलीत तयार होतं."

मुलाखतीहून शेपूट घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. तिथे मामी होती आणि मी होते. काय झालं ते तिने पाण्याचा तांब्या हातात धरून सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला पटल काढायला सांगितलं. तिने फळ्यावर झोकात काढलं.

"बाईंनी विचारलं, एकच शेपूट? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, हा तर साबण झाला. साबणाच्या कणाला एक शेपूट असतं, म्हणून तो पाण्यात चेंडू करून बसतो. पटलाच्या कणाला दोन असतात, म्हणून सपाट चादर होते. तुमची पेशी हात धुवायच्या कामाची आहे."

"अगं बाई," मामी म्हणाली.

"मग त्यांनी विचारलं, ही मधली पट्टी कसली? मी म्हटलं, मध्यस्तर. कार्य, आधार देणे. त्या म्हणाल्या, कशाचा बनलेला असतो? आणि मला एकदम वास आला. सरसाचा. आपल्या पुढच्या खोलीचा." तिचा आवाज चिरकला. "मी लहानपणापासून ती पट्टी पाहतेय. बाबाला कापताना पाहिलीय. तरी पाठ केली, तरी लिहिली, तरी मार्क घेतले. तिथे उभी राहून मला कळलं, आणि तोंडातून निघून गेलं, प्लायवूडचा."

मला हसू आलं हे मी नाकारत नाही. तिथले सगळे हसले होते म्हणे. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. ‘पुन्हा शिकून या,’ असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

त्या संध्याकाळी शेपूट बापासमोर उभी राहिली. "तुम्ही दोन शेपटं का लावली नाहीत?"

मामाला आधी प्रश्न ऐकूच आला नाही, त्याला फक्त ‘तुम्ही’ ऐकू आलं. मामी सोडली तर मामाला घरात कोणी तुम्ही म्हणत नसे. तुम्ही म्हणणारं ते गिऱ्हाईक. तो मला म्हणाला, "हिला काय झालं?"

"सांगा ना, का नाही लावली? त्या सरांनी चित्र काढून दिलं होतं."

"दोन तारांचा गुंता होतो. आणि दिसतं घाणेरडं. आणि आजवर एकाने तरी तक्रार केली का? पुस्तकात छापून आलंय!"

"पुस्तकात तुमच्यामुळे आलंय."

"मग?" मामाचा चेहरा उजळला. "तेच तर म्हणतोय मी."

पालथ्या घड्यावर पाणी. शेपटाला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता, ‘चुकलं’. तो शब्द मामाच्या मिशीखालून बाहेर पडायला तयार नव्हता. तिने बापाशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर मला सांगायची, आणि वर ‘त्यांना’ म्हणायची. मामा तार आणायला एकटा जाऊ लागला. कोपऱ्यावर वळताना तो मागे बघायचा, मी खिडकीतून पाहिलंय. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, आणि दोन्ही एकदम वाटलं की मी जास्त वाकडं बोलते, त्यामुळे त्या दिवसांत मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

शेपटाने मात्र खरोखर पुन्हा शिकायला घेतलं. जाड पुस्तकं आणली, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर मणी आणि तारा घेऊन बसली. प्रत्येक मण्याला दोन दोन तारा, त्यातली एक सरळ, एक मधे वाकवलेली. मामा चष्मा शोधायच्या निमित्ताने दारात घुटमळायचा. चष्मा डोळ्यावरच असायचा. तिची चादर पुरी झाली तेव्हा तिने ती टेबलावर उभी केली, आणि ती उभी राहिली. दुमडली नाही, मिटली नाही.

"तिला विचार," मामा मला म्हणाला, "प्लायवूड कुठे लपवलंय."

"त्यांना सांग, प्लायवूड नाही. दोन शेपटं झाली की खालची जाडी डोक्याएवढी होते. मग दुमडायला जागाच नाही."

मामाने पुढे येऊन तळहाताने दाबून पाहिलं. उलटं करून पाहिलं. आयुष्यभर त्या पट्टीची भोकं पाडून त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो घट्टा तो चोळत राहिला. चूक समजावून सांगितली तर मामाला कधीच कळत नसे, पण हाताला लागली की कळायची.

"तिला विचार, एक वाकडं कशाला? सरळ तार संपली का?"

"त्यांना सांग, सगळी सरळ असली की गच्च चिकटून बसतात आणि थंडीत लोण्यासारखी थिजतात. वाकडं असलं की मधे जागा राहते, तेलासारखं वाहतं राहतं. पटल थिजलं तर पेशी मेली. आणि कण एका जागी बसत नाहीत, शेजारी बदलत सारखे फिरत असतात. भोक पडलं तर सरकून आपोआप बुजवतात."

"फिरतात? म्हणजे जोडकाम कच्चं."

"म्हणजे वाकड्यांचाही उपयोग असतो म्हणायचा," मामी भांडी पुसता पुसता म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग आत-बाहेर जायचं कसं?" मामाने आता थेटच विचारलं. शेपटाने उत्तर मला दिलं. तेलकट आणि चिमुकलं असेल ते शेपटांमधून सहज जातं, मिठासारखं पाण्यात रमणारं असेल तर अडतं, त्याच्यासाठी प्रथिनांची दारं बसवलेली असतात. आणि कणांच्या मधे मधे कोलेस्टेरॉल असतं.

मामा ताठ झाला. डॉक्टरने त्याचं लोणी या एका शब्दापायी बंद केलं होतं. "कोलेस्टेरॉल? पटलात?"

"त्यांना सांग, असतंच. गार पडलं तर थिजू देत नाही आणि तापलं तर फार सैल होऊ देत नाही."

"ऐकलंस?" तो मामीला म्हणाला. "पेशीला लागतं आणि मला चालत नाही!" संपूर्ण पेशीपटलातली एवढी एक गोष्ट त्याने त्या क्षणी, विनातक्रार, जन्मभरासाठी मान्य केली.

मी तेवढ्यात भिंतीवरचा आरसा काढून त्याच्यापुढे धरला. "मामा, बघ. गोल डोकं. खाली दोन शेपटं. एक सरळ, एक वाकडं. सकाळी दाढी करताना रोज पाहतोस की."

शेपूट हसली. खूप दिवसांनी हसली, पण पटकन तोंड फिरवून हसली. मामाने आरशात पाहिलं, मिशीची दोन्ही टोकं धरून पाहिली, आणि ओठ घट्ट मिटले. मिशी उतरवायचा शब्द घरातल्या प्रत्येकाला आठवत होता. "तो शब्द प्राण्यांबद्दल होता," तो शेवटी म्हणाला. "हा प्राणी नाही, कण आहे." आणि कारखान्यात निघून गेला.

तरी दुसऱ्या दिवसापासून त्याने दोन शेपटांचं मॉडेल करायला घेतलं, आणि असं सुरेख केलं की मणी रंगवताना मलाच हात जपून चालवावासा वाटला. खोक्यावर त्याने लिहिलं, ‘सुधारित आवृत्ती’.

"त्यांना सांग," शेपूट म्हणाली, "सुधारित नव्हे. बरोबर." चुकलं हा शब्द अजून आला नव्हता, आणि तुम्ही हा शब्द अजून गेला नव्हता.

अशात शिक्षण खात्याने सगळ्या शाळांसाठी नव्याने मॉडेलं मागवायचं ठरवलं. समिती नमुना पाहणार आणि पसंत पडला तर काम देणार. त्या कामावर कारखाना पुढची कैक वर्षं निवांत चालला असता. आमचं छप्पर तेव्हा असं गळत होतं की यकृतं वाळायच्या ऐवजी फुगत होती. निघताना मामीने बजावलं, "अहो, तिथे शहाणपणा पाजळू नका. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ते म्हणतील ते हो म्हणा आणि सही घेऊन या." मामाने जुनं एका शेपटाचं मॉडेल हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. शेपूट सांगाड्याजवळ उभी राहून बघत होती. शेवटी त्याने नव्याचा खोका माझ्या हातात दिला. मी खोका घेऊन आणि शेपूट हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या मागून निघालो. ती त्याच्यासाठी येत नव्हती, हे तिने मला दोनदा सांगितलं.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि टेबलामागे चार विद्वान. मधे अध्यक्ष. सगळ्यात कडेला एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. मामाने मॉडेल मांडलं. अध्यक्षांनी पुस्तक उघडून मॉडेलशेजारी ठेवलं आणि वर-खाली पाहिलं.

"मध्यस्तर कुठे आहे?"

"नसतो, साहेब."

"नसतो म्हणजे? पुस्तकात आहे."

"ते प्लायवूड आहे. मी घातलेलं."

अध्यक्षांनी सहनशील स्मित केलं. "पुस्तकात तुम्ही कसं घालाल? पुस्तक तज्ज्ञांनी केलंय. तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?"

"नाही. पण प्लायवूड माझंच आहे." मामाला घाम फुटला होता. त्याने उजवी मिशी बोटाला गुंडाळली, सोडली. मग तो टेबलाकडे न बघता बोलला, खाली, आपल्या चपलांकडे बघत. "शेपूट एकच लावलं मी, तेव्हा ते सारखं दुमडायचं. म्हणून पट्टी घातली. चित्रकाराने ती काढली, तुम्ही तिला नाव दिलंत. मूळ चूक माझी. चुकलं माझं."

माझ्या शेजारी शेपटाने श्वास घेतला तो मला ऐकू आला.

समितीत कोणालाच कळेना की आता काय करायचं, कारण चूक कबूल करणारा माणूस तिथे आधी कोणी आलेला नव्हता. अध्यक्षांनी कडेच्या शिक्षकांना विचारलं. त्यांनी दोन शेपटांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, हे त्यांच्या कानाच्या पाळ्यांवरून दिसत होतं, लालभडक झाल्या होत्या. पण पुस्तकाच्या मागच्या पानावर संपादकांत त्यांचंही नाव होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "शास्त्राप्रमाणे दोन असू शकतात," ते म्हणाले, "पण अभ्यासक्रमाप्रमाणे एकच आहे." आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"मुलांचा गोंधळ नको," अध्यक्ष म्हणाले. मग आवाज मऊ करून, "हे पाहा, काम तुमचं सुबक आहे. एवढं एक शेपूट तेवढं कापा. प्रत्येकाचं एक. मधे पट्टी सरकवा. मी आत्ता सही करतो." त्यांनी पेनाचं टोपण काढूनही ठेवलं. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं.

मामाने पिशवीसाठी हात मागे केला. शेपटाने पिशवी दिली नाही. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिने काय वाचलं त्याच्या तोंडावर कोण जाणे, पण दिली. त्याने तार कापायची कात्री काढली. मॉडेल जवळ ओढलं. एक वाकडी तार कात्रीच्या तोंडात धरली. मला गळकं छप्पर दिसत होतं, मामीचा चेहरा दिसत होता, आणि खरं सांगते, मनात मी म्हणत होते, काप मामा, काप आणि चल घरी. शेपूट फक्त बघत होती, लहानपणी तार कापताना बघायची तशी.

मामाने कात्री तारेवरून काढली, वर नेली आणि आपली डावी मिशी, ती सरळ, ओठाजवळून कचकन कापली. मूठभर केस टेबलावर ठेवले, पुस्तकातल्या चित्रावरच.

"घ्या," तो म्हणाला. "एक शेपूट कापलं. मी देणं लागत होतो. मॉडेलचं कापणार नाही."

सही झाली नाही हे सांगायला नकोच. काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. तो मध्यस्तर अजून शिकवतात, नव्या आवृत्तीत तर त्याला निळा रंग दिलाय. उरलेल्या एका शेपटाच्या मॉडेलांवर मामाने पुढे ‘साबण’ अशी चिठ्ठी लावली, आणि साबण अभ्यासक्रमात नाही म्हणून एका शाळेने ती परत पाठवली. शेपूट वर्षभराने पुन्हा त्याच संस्थेत गेली आणि लागली. छप्पर अजून गळतं.

पण त्या दिवशी हे काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही जिना उतरलो. मामा अर्ध्या मिशीने पुढे, त्याच्या मागे आम्ही दोघी. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मामाची मान खाली होती. थोडं चालल्यावर मागून शेपूट म्हणाली, "बाबा, तू जरा हळू चाल ना. तिच्या हातात खोका आहे."

मामा थांबला. त्याने मागे पाहिलं नाही, पण मान वर केली आणि हळू चालायला लागला.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्याला पाहिलं आणि वस्तरा घेऊन बाहेरच धावत आला. धंद्याच्या माणसाला असलं दृश्य सहन होत नाही. "ब्रह्मदेव, हे काय करून घेतलं? आणि चांगली सरळ बाजू कापलीत, ही वाकडी तेवढी ठेवली! बसा, हीही काढून टाकतो."

"हिला हात लावू नकोस," मामा म्हणाला. "ही घरी लेक काढेल. पैज तिने जिंकलीय."

"लेक?" न्हाव्याने आमच्याकडे पाहून डोळे मिचकावले. "यातली कुठली? तुम्हाला तर एकच ना? एका डोक्याला..."

"दोन," मामा म्हणाला. "एक सरळ, एक वाकडी."

मला काहीतरी तिरकं बोलायचं होतं आणि सुचलं नाही. खोका दोन्ही हातांत होता, म्हणून डोळेही पुसता आले नाहीत.